हलवले, की नक्कल केली?

संगणक आपणांस जे प्रश्न विचारतो त्यांतील बहुतेक आपण न वाचताच उत्तरतो. 'होय' दाबले की पुढे जाता येते, एवढाच त्यांचा अर्थ. पण व्हीएमवेअर वर्कस्टेशन या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रश्न असा आहे की, तो तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत विचारला असता तरी शोभला असता. एखादे आभासी यंत्र एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी ठेवले आणि तिथे प्रथम सुरू केले, की ते सॉफ्टवेअर विचारते: हे यंत्र आपण हलवले, की त्याची नक्कल केली? उत्तरासाठी बटणे असतात आणि सोबत एक सूचनाही असते. ठाऊक नसेल तर 'नक्कल केली' असे उत्तर द्यावे.

सूचनेमागचे कारण व्यावहारिक आहे. 'हलवले' म्हटले तर त्या यंत्राचा ओळख-क्रमांक आणि त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता पूर्वीचाच राहतो. 'नक्कल केली' म्हटले तर दोन्ही नवे मिळतात. मूळ यंत्र जर मागे कुठे चालूच असेल आणि नव्यानेही तोच पत्ता सांगितला, तर एकाच दारावर एकाच नावाच्या दोन पाट्या लागतात आणि दोघांचाही पत्रव्यवहार बिघडतो. म्हणून खात्री नसताना 'तोच मी' असा दावा करू नये, असे ते सॉफ्टवेअर सुचवते. आम्हांला हा उपदेश संगणकापुरता वाटत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली गोष्ट 'तीच' आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, कधी आणि कोणत्या परीक्षेनंतर मिळतो, हा मोठा प्रश्न त्यामागे उभा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

ज्या वाचकांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्याला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. इंग्रजीतही याच अर्थाचे शब्द आहेत. पण यजमानपणाचे आणि पाहुणचाराचे जे संस्कार आपल्या भाषेत आहेत त्यांमुळे ते आम्हांला अधिक बोलके वाटतात. पाहुण्याची सबंध हार्ड डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक भली मोठी फाईल असते. ती उचलली की पाहुणा आपल्या सर्व चीजवस्तूंसह उचलला गेला, असे वरवर वाटते. ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात आपल्या मोठ्या यंत्रांवर तिचे प्रयोग केले आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका प्रसिद्ध लेखात आभासी यंत्राच्या अटी गणिती काटेकोरपणे मांडल्या. त्यांतली पहिली अट अशी की, आत चालणाऱ्या कार्यक्रमाचे वर्तन खऱ्या यंत्रावर झाले असते तसेच व्हावे. वेगातला आणि साधनसामग्रीतला फरक तेवढा क्षम्य. घरगुती संगणकांवर हे सारे १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणले. मग २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांचे क्यू-एमू आले आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती. त्याच वर्षी केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले.

आता अडचण इथे आहे की, प्रत्येक यजमान पाहुण्याला जे घर दाखवतो ते निराळे असते. व्हीएमवेअर पाहुण्याला सांगते की तू इंटेलच्या ४४०बीएक्स या चिपसंचावर चालतो आहेस. हा संच १९९८ सालचा. क्यू-एमूचा रूढ साचा त्याहूनही जुन्या ४४०एफएक्सचा. यजमान संगणक कालपरवा विकत घेतलेला असो, पाहुण्याला मात्र आपण गेल्या शतकातल्या वाड्यात राहतो आहोत असेच भासवले जाते, आणि तोही त्यावर पूर्ण विश्वास ठेवून आपली राहणी बेततो. डिस्कपर्यंत जाण्याची वाट कोणती, नेटवर्क कार्ड कोणत्या जातीचे, पडदा कोणत्या पद्धतीने रंगवायचा, या सर्वांचे ड्रायव्हर तो जमवतो आणि त्यांची सवय करून घेतो. तो वाडा खरा नसतो. पण जडलेली सवय खरी असते आणि ती फाईलबरोबर नव्या घरी येते.

साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कपाटांत आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देवनागरी फॉन्ट तयार करणाऱ्या प्रत्येक कंपनीची सांकेतिक रचना स्वतंत्र होती. एका फॉन्टमध्ये जिथे 'क' बसवलेला, तिथे दुसऱ्यात भलतेच चिन्ह. १९९० नंतरची वीसेक वर्षे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांचे अंक, स्मरणिका, घराण्यांचे इतिहास, सभासदांच्या याद्या हे सारे अशाच फॉन्टांत, बहुधा पेजमेकरमध्ये, जुळवले गेले. त्या फायली आजच्या संगणकावर उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा बाजार दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, आणि ती बरीच चांगलीही आहेत. तरी जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. ही अदलाबदल जोडाक्षराशी आली की गडबडते. त्याहून सूक्ष्म चूक 'र'ची. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. रूपांतरात हा भेद पुसला गेला तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा बघता बघता समुद्र होतो, आणि शुद्धलेखन तपासणारे यंत्र हूं की चूं करीत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. म्हणून मूळ फाईल मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहता येण्याची सोय जपणे भाग पडते, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालणारे. एक्सपीचा सांभाळ तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. तेव्हा तो जुना संगणक सबंधच्या सबंध आभासी यंत्रात बसवून ठेवायचा, हा मार्ग अनेक संस्थांनी पत्करला. आमच्या संस्थेनेही पत्करला.

पण यजमानही म्हातारे होतात. संगणक बदलतात, धोरणेही बदलतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले आणि त्याच वर्षाअखेरीस कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. तेव्हापासून जगभरच्या कितीतरी कचेऱ्यांनी आपली यंत्रे दुसऱ्या यजमानांकडे हलवली. पुढे, २०२४ मध्ये, वर्कस्टेशन सर्वांसाठी विनामूल्य झाले, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. आमच्याकडे कारण अगदी साधे होते. जुना संगणक थकला होता.

डिस्कची फाईल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणे हे काम एका आज्ञेचे आहे. कसोटी लागते ती त्यानंतर. पाहुणा नव्या घरी जागा होतो, विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसते आणि लगेच निळा पडदा येतो. त्यावरच्या संकेताच्या शेवटी '७बी' असे असते आणि आरंभीची डिस्क हाती लागत नाही असा त्याचा अर्थ. वाचणाऱ्याला वाटते, डिस्क खराब झाली, सारे गेले. डिस्क तर शाबूत असते. झालेले असते असे की, झोपेतून उठलेला माणूस जुन्या घरातल्या सवयीने डावीकडे दार चाचपतो आणि तिथे भिंत लागते. एक्सपीला डिस्कपर्यंत जाण्याची जी वाट ठाऊक होती ती नव्या यजमानाने दिलेली नसते. उपाय दोन आहेत. नव्या घरातही डिस्क जुन्याच आयडीई वाटेने जोडावी, म्हणजे दार पूर्वीच्या जागी सापडेल; किंवा निघण्यापूर्वी, जुन्या घरी असतानाच, नव्या वाटेचा ड्रायव्हर पाहुण्याच्या हाती द्यावा. लिनक्सची कथा तपशिलात वेगळी असली तरी वळण तेच. आरंभी लागणाऱ्या ड्रायव्हरांची शिदोरी अनेक लिनक्स प्रणाली फक्त चालू यंत्रापुरती बांधतात, आणि नव्या गावी ती उपयोगी पडत नाही.

दुसरा बिघाड अधिक मजेशीर आहे. पाहुणा सुरू झाला, पण नेटवर्क चालेना. म्हणून जुना पत्ता पुन्हा लिहून द्यावा, तर विंडोज सांगते की हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. कोणते दुसरे कार्ड? यादीत तर एकच दिसते. दुसरे असते जुन्या घरातले. ते आता अस्तित्वात नाही, पण नोंदवहीत त्याचे नाव तसेच राहिले आहे. रेशनकार्डावर दिवंगताचे नाव राहावे आणि त्याच्या वाट्याची साखर कोणालाच मिळू नये, तसला हा प्रकार. अदृश्य उपकरणे दाखवण्याची एक गुप्त वाट आहे. त्या वाटेने जाऊन ते नाव खोडावे लागते.

तिसरा प्रकार आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. जुना यजमान पाहुण्याच्या सोयीसाठी काही खास साधने त्याच्यात बसवून देतो. माउस सहज सरकावा, पडदा स्वच्छ दिसावा, घड्याळ बरोबर चालावे, अशी ती कामे. नव्या घरी ती निरुपयोगी ठरतात आणि कधी अडथळाही करतात. ती काढावयास जावे तर काढणारा कार्यक्रमच म्हणतो की मी जुन्या यजमानाच्या घरीच चालतो. म्हणजे काढून टाकण्याची वेळ निघण्यापूर्वीची होती. तिथेच जे उतरवून ठेवायचे ते अंगावर राहिले, की इथे कितीही प्रयत्न केले तरी सुखासुखी उतरत नाही.

हे सारे बिघाड एका अर्थी सज्जन आहेत. ते तोंडावर बोलतात. निळा पडदा आला की काहीतरी अडले आहे हे कळते आणि माणूस शोधाला लागतो. खरे भय त्या बिघाडाचे, जो बोलतच नाही. आभासी यंत्रात 'स्नॅपशॉट' घेण्याची सोय असते. अमुक क्षणाची स्थिती गोठवून ठेवली की मूळ डिस्कची फाईल तिथेच थांबते आणि त्यानंतरचे सर्व बदल वेगळ्या लहान फायलींत लिहिले जातात. पुन्हा स्नॅपशॉट घेतला की आणखी एक फाईल. अशी साखळी तयार होते, आणि आजचे यंत्र म्हणजे ती सबंध साखळी. कोणी फक्त पहिली मोठी फाईल रूपांतरित केली, तर पाहुणा नव्या घरी निर्वेध उठतो, हसतमुखाने कामाला लागतो; पण तो काही वर्षांपूर्वीचा असतो. घड्याळ मात्र आजचीच तारीख दाखवते, कारण वेळ तो यजमानाला विचारून घेतो.

आमच्या संस्थेत हेच घडले. ज्या तंत्रज्ञाकडे काम दिले होते त्यांनी यंत्र चालू करून दाखवले, दोनचार जुने अंक उघडून दाखवले, सर्वांना समाधान वाटले. जाताना त्यांनी विचारले की जुनी डिस्क पुसून देऊ का, म्हणजे ती दुसऱ्या कामाला येईल. कार्यकारिणीत कोणी म्हणाले, राहू द्या तूर्त. त्यामागे काही दूरदृष्टी नव्हती. जुनी वस्तू टाकवत नाही, एवढेच. आठवड्याभरात उज्जैनच्या एका भगिनींनी आपल्या वडिलांवरचा स्मृतिलेख मागितला. तो नंतरच्या एका अंकात आला होता. शोधला, तर तो अंक यंत्रात नव्हता. त्या अंकाच्या छापील प्रतींतली एकही संस्थेत उरलेली नव्हती. मग साखळीचा उलगडा झाला, जुन्या डिस्कवरून सर्व दुवे जोडून पुन्हा रूपांतर केले आणि लेख सापडला. डिस्क पुसली गेली असती तर काय, याचा विचार त्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येकाने मनातल्या मनात केला असावा.

इथून आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो. वेदान्तात एक प्रसिद्ध उदाहरण आहे: 'तोच हा देवदत्त'. सदानंदांच्या वेदान्तसारात महावाक्याचे विवरण याच उदाहरणाच्या आधारे केले आहे. 'तो' म्हणजे पूर्वी, दुसऱ्या स्थळी पाहिलेला. 'हा' म्हणजे आज, इथे समोर असलेला. 'पूर्वीचा' आणि 'आजचा', 'तिथला' आणि 'इथला' ही विशेषणे एकाच वेळी एकाच ठिकाणी नांदू शकत नाहीत. म्हणून वाक्याचा अर्थ लावताना परस्परविरोधी भाग सोडायचा आणि अविरोधी भाग, म्हणजे नुसता देवदत्त, ठेवायचा. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. आभासी यंत्राच्या स्थलांतराचे याहून अचूक शास्त्र आम्हांला आढळलेले नाही. जुन्या वाड्याच्या दाराची सवय, गेलेल्या कार्डाची नोंद, जुन्या यजमानाने दिलेली साधने हा सारा 'तिथला' भाग. तो सोडल्यावाचून 'तोच हा' म्हणता येत नाही. सर्व काही जसेच्या तसे नेण्याचा आग्रह हाच पाहुण्याला नव्या दारात अडवून धरतो. फायली, त्यांतली अक्षरे, 'दऱ्या'तला तो र, हा देवदत्त. आणि साखळीतला दुवा सुटला तेव्हा नेमके उलटे झाले होते: सोडायचा भाग सारा आला होता आणि ठेवायच्या भागातला तुकडा मागे राहिला होता.

तथापि वेदान्त्यांपुढे एक अडचण नव्हती जी आपल्यापुढे आहे. त्यांचा देवदत्त एकच होता. तो इथे आला म्हणजे तिथे नाही. संगणकातली वस्तू 'हलत' नाहीच. तिची प्रत निघते आणि मग मूळ पुसली जाते किंवा पुसली जात नाही. 'हलवले' हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. युरोपीय विचारात ही अडचण थॉमस हॉब्ज यांनी १६५५ साली मांडली. अथेन्सचे लोक थेसियसचे जहाज जपून ठेवीत आणि कुजलेल्या फळ्या बदलीत, ही कथा प्लुटार्कपासून चालत आलेली. हॉब्ज यांनी तिला जोड दिली: कोणी त्या काढून टाकलेल्या फळ्या गोळा करून त्याच क्रमाने पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंपैकी खरे कोणते? तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. आज एखाद्या संस्थेचा कारकून दुपारच्या चहाआधी अशी दोन जहाजे उभी करून ठेवतो.

दोन्ही जहाजे पाण्यात सोडली तर काय होते? आमच्याकडे एका सभासदांचे म्हणणे असे होते की, जुने यंत्रही चालू ठेवावे, नवेही. दोन असलेली बरी. ऐकायला हे सुरक्षित वाटते. पण आज एकाने नव्यात सभासदांची यादी सुधारली, उद्या दुसऱ्याने जुन्यात दुसरी दुरुस्ती केली, की सहा महिन्यांनी दोन याद्या होतात आणि दोन्ही अपुऱ्या. प्रत्येकीचा दावा मात्र मूळ असल्याचा. त्यापेक्षा एक गेलेली परवडली. दुसऱ्या बाजूला ज्यांचे मत होते की चालते आहे ना, मग झाले, जुने फेका, त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होते. आपल्या संस्थांची कपाटे 'असू द्या' म्हणून ठेवलेल्या वस्तूंनीच भरलेली आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नाही. आमचा कल असा झाला की जुने थांबवावे, पण पुसू नये. चालू एकच असावे. थांबलेले साक्षीदार म्हणून राहावे आणि नव्याची पूर्ण तपासणी होईपर्यंत तरी त्याला हात लावू नये.

पूर्ण तपासणी म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे, कारण बहुतेक घोटाळा त्या शब्दात आहे. यंत्र सुरू झाले ही तपासणी नव्हे. क्यू-एमूसोबत येणाऱ्या एका साधनाने दोन निराळ्या स्वरूपांतल्या डिस्क-फायली आतल्या मजकुराने ताडून पाहता येतात. पण हे काम नवे यंत्र पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी व्हावे लागते. एकदा पाहुणा जागा झाला की तो लगेच आपल्या डिस्कवर काहीबाही लिहू लागतो आणि दोन्ही फायली भिन्न होतात. म्हणजे 'तोच हा' हे यंत्राने सिद्ध करून देण्याचा मुहूर्त फार लहान. तो टळला की मग माणसाने बसून एकेक अंक उघडायचा, छापील प्रतीशी ताडायचा. आम्ही तसे करतो आहोत. काम कंटाळवाणे आहे आणि संपलेले नाही.

माळव्यात, बडोद्यात, ग्वाल्हेरीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घराण्यांना हा प्रसंग सर्वस्वी नवा नाही. अठराव्या शतकात होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर आलेल्या कुटुंबांची कागदपत्रे मोडीत होती. पुढच्या पिढ्यांना मोडी वाचता येईना म्हणून कोणी वडीलधाऱ्याने त्यांच्या बाळबोध नकला करून ठेवल्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. 'दिन' की 'दीन', 'सुत' की 'सूत', हे नक्कल करणाराने संदर्भावरून ठरवायचे. बहुतेकदा त्याने बरोबरच ठरवले. पण नक्कल सुवाच्य झाली म्हणून मोडी कागद रद्दीत गेले ते अनेक घरांत, आणि आता एखाद्या शब्दाचा संशय आला तर विचारायला मूळ राहिलेले नाही. ती पिढी बेफिकीर होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी नक्कल केली म्हणून तर काही उरले. फक्त आपण 'हलवले' असे त्यांना वाटत होते.

राहिला एक प्रश्न, ज्यावर आमच्यात एकमत झाले नाही. जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक डोंगल होते. प्रिंटरच्या जुन्या खोबणीत खोचायचे एक कुलूप. ते खोचलेले असल्याखेरीज टंकलेखन होत नाही. नव्या संगणकाला तसली खोबणच नाही. यूएसबीवरून तशी खोबण करून देणारी जोडणी मिळते, पण ती प्रिंटरपुरतीच कामाची. परिणामी नवे यंत्र जुने अंक उघडते, दाखवते, छापतेही. मात्र त्यांत एक अक्षर दुरुस्त करता येत नाही. ते वाचू शकते, लिहू शकत नाही. सॉफ्टवेअर करणारी कंपनी केव्हाच बंद झाली, विचारायचे कोणाला?

कुलूप तोडण्याचे उपाय आहेत आणि ते करून देणारेही आहेत. पूर्वी छापखाना चालवलेल्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, सॉफ्टवेअर आपण पैसे देऊन घेतले, कुलूपही आपल्याच मालाचे. किल्ली बसेना तर स्वतःच्या घराचे कुलूप तोडणे ही चोरी कशी? कायद्याचे जे कलम या बाबतीत लागू पडते, म्हणजे २०१२च्या दुरुस्तीने आलेले ६५अ, तेही हक्कभंगाच्या हेतूची भाषा बोलते, आणि इथे तसा हेतू नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, कंपनी बंद झाली म्हणजे तिचा शब्द आपण पाळायचा नाही असे होत नाही. शिवाय तोडलेल्या कुलपाचे यंत्र हे आणखी एक बदललेले यंत्र, आणि 'तोच हा' म्हणणे आणखी एका पायरीने लांब जाईल. आम्हांला स्वतःला पहिले म्हणणे न्यायाचे वाटते, तरी गरज दुसऱ्या बाजूला झुकते. नवे अंक आता युनिकोडमध्येच जुळवले जातात. छापून झालेल्या अंकात अक्षर बदलण्याची सोय नसावी, हेच कदाचित एका संग्रहाला योग्य. कुलूप अद्याप तोडलेले नाही.

नव्या यंत्राची जी प्रत अखेर कायम केली, तिच्याबाबतचा तो प्रश्न जेव्हा आला तेव्हा 'नक्कल केली' हेच उत्तर दिले आहे. त्यामुळे एक्सपीने आपली अधिकृतता पुन्हा पटवून मागितली आणि त्यात एक दुपार गेली. जुनी डिस्क आणि डोंगल एका डब्यात घालून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवले आहे. डब्यावर कागद चिकटवला आहे. त्यावर नवे यंत्र कोणत्या तारखेस, कोणत्या फायलींच्या साखळीवरून तयार केले ते लिहिले आहे, काय आले नाही ते लिहिले आहे, आणि छापील प्रतीशी ताडून झालेल्या अंकांचे क्रमांक त्याखाली एकेक करून लिहिले जात आहेत. ज्या अंकांची छापील प्रत संस्थेकडे नाही त्यांची यादी शेजारी फलकावर लावली आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी ते अंक असतील तर काही दिवसांसाठी पाठवावेत. ताडून झाले की परत केले जातील.